लवंगीचा मक्ता

जामच्या चौकातून समुद्रपूरकडे निघालं की डाव्या हाताला एक पडीक तुकडा लागतो. एरवी तिथे काहीच नसतं. आषाढातली एकादशी होऊन लग्नांचे मुहूर्त संपले की त्या तुकड्यावर घोड्या चरायला येतात. वरातीतल्या घोड्या. डोक्यावर तुरा नाही, गळ्यात घुंगरांचा पट्टा नाही, पाठीवर झूल नाही. पांढऱ्या अंगावर पोटापर्यंत चिखलाचे शिंतोडे आणि आयाळीत गवताची कुसळं. पाहुणे गेल्यावर लग्नघरातली बाई जुनं पातळ नेसून, केस मोकळे सोडून ओसरीवर बसते, तशा त्या दिसतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आता त्यांच्याकडे कोणी बघणार नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही.

बस तिथून जाते तेव्हा मी खिडकीतून पाहतो, त्यांच्यात कोणी बुटकी आहे का. यंदा दिसली नाही.

त्याच आठवड्यात मंदाचा फोन वाजला. मंदा माझी बायको. गेल्या पौषात ती गेली. तिचा फोन मी बंद केलेला नाही. रोज सकाळी माझा लावतो तसा तोही चार्जिंगला लावतो. पडद्यावर नाव आलं, ‘जानरावभाऊ घोडी’. तिनं सगळ्यांची नावं अशीच टाकलेली. ‘दूध संध्याकाळ’. ‘नळ दुरुस्ती’. माझ्या नावापुढे ‘पुस्तकं’.

“सर, मुद्दाम याच नंबरवर लावला,” जानराव म्हणाला. “दर आखाडात लावतो. यंदा कुठं लावू, असं झालं.”

“बरं केलंत.”

“लवंगी आता म्हातारी झाली सर. वरातीले नाई चालत. लोकाले उंच घोडा पाह्यजे, नाईतर गाडी पाह्यजे. इकनार तर मी नाई तिले. पन एका जागी उभी राहून राहून सुस्त झाली. चार महिने ठेवता का तुमच्याकडे? मक्त्यानं?”

शेवटच्या शब्दावर तो हसला. मीही हसलो असणार. पण आमच्या घरात असल्या प्रश्नांची उत्तरं मंदा द्यायची, आणि प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत द्यायची. “विचार करून सांगतो,” म्हणालो आणि फोन ठेवला.

अडचण जागेची नव्हती, चाऱ्याचीही नव्हती. लवंगी घरात आली की घराला दार लावून बसता येत नाही. आणि पौषापासून मला दार लोटून बसायची सवय झाली होती. शेजारचे लोक चांगले. सुरुवातीला रोज डबे यायचे, आता अधूनमधून येतात. डबा घेताना दार अर्धं उघडायचं, “बरं आहे” म्हणायचं, घासलेला डबा दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर हळूच ठेवून परत यायचं. कडी वाजवायची नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. आवाज न करता वावरणं मला जन्मभराच्या सरावानं येतं.

आमची रेणूही तशीच होती. म्हणून तर लवंगी आली.

रेणू तेव्हा चौथीत होती. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे पोरं आपापले लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत घरोघर नेतात. बाया नंदीला ओवाळतात, पोरांच्या हातावर खाऊ नाहीतर नाणं ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. गल्लीतली बाकीची पोट्टी पिशवी भरभरून बोजारा आणायची. रेणू शेजारच्या फाटकापर्यंत जायची, आत कोणी दिसलं नाही की नंदीची चाकं हळूच वळवायची आणि परत यायची. हाक मारणं तिला जमत नसे. “त्यांना त्रास होईल,” असं म्हणायची. मंदा माझ्याकडे बघायची. “तुमचीच पोरगी. दुसऱ्याच्या दारात उभं राह्यलं की हिच्या पायाले मुंग्या येतात.”

मंदा गिरडजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तिच्या माहेरी सगळ्यांची दारं सगळ्यांची होती. माझ्याशी लग्न होऊन ती समुद्रपुरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं अख्ख्या गल्लीतून विरजण मागून आणलं होतं. विरजण घरात होतं. ओळख व्हावी म्हणून आणलं, असं नंतर म्हणाली.

त्या वर्षी एका लग्नाहून येताना आम्ही जामला जानरावाच्या घरी चहा प्यायला थांबलो. त्याच्या वरातीतल्या घोड्या मागच्या अंगणात बांधलेल्या. त्यांतली एक इतकी बुटकी की घोडी म्हणावी की तट्टू, असा प्रश्न पडावा. लहान मुलांना मिरवायला आणि साध्यासुध्या वरातींना तिचा उपयोग करत. अंगानं लहान आणि फटाक्यासारखी तडतडी, म्हणून नाव लवंगी. रेणू तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. रेणूनं काही मागितलं नाही. ती कधीच काही मागायची नाही, आणि मंदाला नेमकं तेच सहन व्हायचं नाही.

“जानरावभाऊ,” मंदा म्हणाली, “आता चार महिने घोडीले काम नाई. हे मले मक्त्यानं द्या.”

जानरावाचा चहा ठसक्यानं बाहेर आला. “वयनी, मक्ता वावराचा रायते. घोडी कोनी मक्त्यानं देते का?”

“काऊन? वावर चार महिने पिकते, तुमची घोडी चार महिने बसून खाते. तिचं खानं माह्या घरचं. खरं तर तुमीच मले काई द्यायले पाह्यजे.”

जानरावानं माझ्याकडे मदतीच्या आशेनं पाहिलं. मी कपात पाहिलं. आमच्या भागात दुसऱ्याचं शेत वर्षभरासाठी ठरावानं कसायला घेतात, त्याला मक्ता म्हणतात. मंदाचं माहेर असल्या ठरावांवर चाललेलं. तिला दुसरा करार माहीतच नव्हता. तिनं घोडीचा सौदा शेताच्या रीतीनं सुरू केला, आणि आश्चर्य म्हणजे थोड्या वेळानं जानरावही त्याच रीतीनं बोलायला लागला.

“बरं, लीद कोनाची?” त्यानं विचारलं.

“वावरातलं कुटार-भुसकट मक्तेदाराचं रायते. लीद माही. माह्या मोगऱ्याले टाकीन.”

“आन नाल घसले तं?”

“वावराचा धुरा मालकानं बांधाचा रायते. नाल तुमचे.”

“दुखनं-बिखनं आलं तं?”

“आभाळातून आलं तं अर्धं-अर्धं.”

शेवटी मक्त्याची रक्कम राहिली. मंदा उठली आणि खुंटीवरच्या झुलीला हात लावला. लाल मखमल ठिकठिकाणी उंदरांनी कुरतडलेली, जरीची किनार लोंबत होती. “हे घालून नवरदेव नेता? नवरीकडच्यानं वापस कसा नाई पाठवला?” जानराव ओशाळला. नवी झूल करायचं दोन वर्षांपासून मनात होतं म्हणाला. मंदानं तिथल्या तिथे लवंगीच्या पाठीवरून, छातीवरून, पोटाखालून सुतळी फिरवून माप घेतलं आणि सुतळीला गाठी मारल्या. ठरलं. मखमल जानरावाची, शिवण मंदाची. तुळशीच्या लग्नाला घोडी परत आणि सोबत नवी कोरी झूल, टिकल्या लावलेली, भरतकाम केलेली. हाच मक्ता.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, “घोडी ठेवायची कुठे?”

“मागच्या खोलीत.”

मागची खोली म्हणजे माझी पुस्तकांची खोली. टिनाचं छप्पर घालून, कितीतरी दिवसांच्या इच्छेनंतर, त्याच उन्हाळ्यात बांधलेली. मंदानं माझं तोंड पाहिलं असावं.

“पुस्तकं काई गवत खात नाई,” ती म्हणाली. “कुठंबी रायतात बिचारी.”

तर पुस्तकं पलंगाखाली गेली, माळ्यावर गेली, शब्दकोशाचे खंड तांदळाच्या कोठीत गेले. पुढे कितीतरी वर्षं एखादा शब्द बघायला खंड उघडला की पानांतून तांदळाचा दाणा निघायचा. खोलीच्या भिंतीत लोखंडी कडी ठोकली गेली. ती अजून आहे. मी तिला छत्री अडकवतो.

घोडी घरात असणं हे आधी कानाला कळतं. पहाटे भिंतीपलीकडून एक दीर्घ, समाधानी फुरफुर यायची. मग खुराची एक टक. मग पाणी ओढल्याचा आवाज, जणू कोणी लांबलचक कापड फाडतंय. त्यानंतर नाकाला. ओलं गवत, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लीद आणि घाम यांचा मिळून एक उबदार वास. सुरुवातीला मी उदबत्ती लावायचो. आठ-दहा दिवसांत विसरलो. आता कधी पावसाळी सकाळी बाजारात भिजवलेल्या डाळीचा वास आला, की आधी लवंगी आठवते आणि मग तिच्यामागून, पदर खोचून, बादली घेतलेली मंदा.

रेणूला बसायला शिकवायला जानराव एकदाच आला. “पोरी, नवरदेवासारखी बस,” एवढंच शिकवून गेला. “ताठ. हालायचं नाई, बोलायचं नाई, खाली पाहायचं नाई.” लवंगीला तेवढाच स्वार ठाऊक होता, घाबरलेला, नटलेला आणि लगामाला हातही न लावणारा. तिला पळणं माहीत नव्हतं. टाच मारली तर ती मान वळवून बघायची, चूक कोणाची झाली ते. मात्र रस्त्यावरून भोंगा लावलेली जाहिरातीची गाडी गेली की ती नाचायला लागे, पुढचे दोन पाय आलटून पालटून उचलत, आणि वर रेणू नवरदेवासारखी ताठ, डोळे गच्च मिटून.

आणि तिला दार दिसलं की ती थांबायची. कुठलंही दार. वरात मांडवाच्या दाराशी थांबते, नवरदेवाला ओवाळतात, घोडीच्या तोंडाला भिजवलेली डाळ लावतात, आणि मगच ती हलते. लवंगीनं जन्मभर हेच केलेलं. आमच्या फाटकातून बाहेर काढली की ती शेजारच्या नानाजींच्या फाटकाशी उभी. नानाजींच्या पुढे दुकानाच्या शटरशी उभी. त्यापुढे पिठाच्या गिरणीशी. ओढा, ढकला, गोंजारा. डाळ मिळाल्याशिवाय नाही. शाळेपर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा. रेणू लवंगीवरून निघाली की पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची.

“घोडी हाये का वसुलीवाली?” नानाजी ओट्यावरून विचारायचे. ते निवृत्त पोस्टमन. घरोघर थांबण्याचा त्यांना अनुभव होता, त्यामुळे त्यांचा टोमणा लवंगीला खरं तर सलामीच होता.

मला त्या दिवसांतला संध्याकाळचा प्रकाश आठवतो. मंदा मागच्या दारात मांडीवर मखमल घेऊन बसलेली. टिकल्यांची वाटी. लाल कापडावर पिवळ्या दोऱ्यानं ती एकेक वेल काढत जायची. काढलेलं आवडलं नाही की उसवायची. दोरा ओवताना हात लांब करून, डोळे बारीक करायची. मी एकदा म्हटलं, एवढ्या बारीक कामाची घोडीला काय किंमत? ती म्हणाली, “घोडीले नसन. पन त्या नवरदेवाले पाह्यजे ना. घाबरलेला रायते बिचारा. खाली पाह्यलं तं काई तरी चांगलं दिसलं पाह्यजे.” आमच्या लग्नात मी घोडीवरच बसलो होतो. खाली पाहिलं होतं का, ते आठवत नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग तान्हा पोळा आला.

मैदानात दोन बांबूंना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. त्याखाली पोरांची रांग, प्रत्येकाच्या हातात दोरी आणि दोरीला चाकांवरचा नंदी. कोणाच्या नंदीला खऱ्या घुंगरांच्या माळा, कोणाच्या शिंगांना चमकीचा कागद. तोरणाचे मानकरी नानाजी. आणि या सगळ्याच्या शेवटी रेणू, लवंगीवर. तिच्या अंगावर परकर-पोलकं, लवंगीच्या कपाळावर मंदानं केलेला झेंडूचा गजरा.

नानाजींनी हात आडवा धरला. “हा नंदीचा पोळा हाये, वरात नाई. घोडी चालनार नाई.”

मंदा पुढे झाली. “नानाजी, घोडीनं तुमचं काय घोडं मारलं?”

लोक हसले. नानाजीही हसले असते, पण ते मानकरी होते. “रीत म्हंजे रीत, मंदाबाई. नंदी पाह्यजे. लाकडाचा पाह्यजे.”

रेणूची मान खाली गेली. मला ती मान ओळखीची होती. आता लगाम वळणार आणि ही परत फिरणार, हे मी दुरूनच पाहिलं. तेवढ्यात मंदा घराकडे पळाली. खरंच पळाली, पिवळी साडी दोन्ही हातांनी वर धरून. परत आली तेव्हा तिच्या कडेवर रेणूचा लाकडी नंदी होता. तो तिनं रेणूच्या मांडीवर बसवला.

“हा घ्या नंदी. लाकडाचा. आता तो कशावर बसून आला, ते तुमाले काय करायचं?”

नानाजींनी नंदी पाहिला. घोडी पाहिली. चष्मा काढून पुसला. “जाऊ द्या,” म्हणाले. “महादेवाचा नंदी हाये. बसला असन थकून.”

रांग निघाली. लवंगी तोरणाखाली आली आणि थांबली. अर्थातच थांबली. मांडव, तोरण, गर्दी, ढोल, तिच्या दृष्टीनं हे नुसतं लग्नघर होतं. पोरं ओरडायला लागली. कोणीतरी तिथल्या तिथे घोडीवर झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, रचून म्हटली. मंदा मात्र हाताची घडी घालून उभी. नानाजींच्या घरच्या कमलकाकूंच्या हातात ओवाळणीचं तबक होतं. त्यांनाच आधी उमगलं. त्या पुढे झाल्या, आधी नंदीला ओवाळलं, मग रेणूला, आणि मग लवंगीला. तबकातली डाळ तिच्या तोंडाशी धरली. लवंगीनं ती खाल्ली, नवरदेवाघरच्या शिस्तीनं मान एकदा खाली लववून वर केली, आणि चालायला लागली.

त्यानंतर जे झालं ते गल्लीत अजून सांगतात. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक दारात नंदी थांबायचाच असतो, ओवाळून घ्यायचंच असतं. एरवी जी लवंगीची खोड होती, ती त्या एका दिवशी रीत होती. ती प्रत्येक दाराशी आपणहून थांबली. दार उघडं असेल तर बाया तबक घेऊन यायच्या. आणि दार बंद असेल तर?

गिरणीवाल्यांचं दार बंद होतं. रेणू वर बसून होती. चाकं वळवायला आता तिच्या हातात चाकं नव्हती. लवंगी उभी. मागे पोरांची रांग खोळंबलेली. मी रस्त्याच्या पलीकडे होतो, आणि सांगतो, माझ्याच पायांना मुंग्या आल्या. रेणूनं एकदा आईकडे पाहिलं. मंदा दुसरीकडे बघत होती, अगदी मुद्दाम. मग रेणूनं तोंड उघडलं आणि आमच्या घरात कधीच न ऐकलेल्या आवाजात हाक मारली, “काकूऽऽ! आम्ही आलो!”

दार उघडलं.

संध्याकाळी तिच्या बोजाऱ्याची पिशवी तिला उचलेना. बक्षीस काही मिळालं नाही, ते रीतीप्रमाणे सर्वांत सुंदर नंदीला गेलं. रेणूला त्याची खंतही नव्हती. जेवताना ती सारखी बोलत होती, कोणाच्या घरी पाळणा आहे, कोणाच्या भिंतीवर हरणाचं चित्र आहे, कोणाची आजी दात काढून ठेवते. मी आणि मंदा ऐकत होतो. तिची दारं नव्यानंच उघडली होती, आणि ती आत काय काय आहे ते बघून आली होती.

यापुढची चूक आम्हा सर्वांची. तान्ह्या पोळ्यानंतर लवंगी गल्लीची झाली. रोज सकाळी रेणू तिला फिरवायला नेई आणि रोज प्रत्येक दारात काहीतरी तिच्या तोंडी पडे. इथे डाळ, तिथे गूळ, कमलकाकूंकडे आदल्या दिवशीची पोळी. गणपतीत मोदक, नवरात्रात फराळ, दिवाळीत विचारूच नका. झूल मंदानं दिवाळीआधीच पुरी केली. ओट्यावर पसरून ठेवली तेव्हा लाल मखमलीवर वेली अशा पसरलेल्या, की नानाजी म्हणाले, “हे पाहून मले परत लगन करा वाटते.” कमलकाकू आतून म्हणाल्या, “करा ना. घोडीवर बसून दाखवा आधी.”

तुळशीच्या लग्नाला जानराव घोडी न्यायला आला. झूल लवंगीच्या पाठीवर टाकली, आणि छातीवरची दोन टोकं एकमेकांना भेटेनात. पोटाखालचा पट्टा तर वीतभर कमी. मंदानं माप घेतलं होतं ते लग्नांचा हंगाम संपल्यावर, नाचून नाचून वाळलेल्या घोडीचं. चार महिन्यांनी तीच घोडी परत द्यायची होती, पण घोडी तीच राहिली नव्हती. मक्त्यानं घेतलेलं वावर आहे तेवढंच परत जातं. त्याची लांबी-रुंदी कधी वाढत नाही.

जानराव लवंगीच्या पोटाकडे बघत राहिला. “वयनी, हे पोटुशी हाये का काय?”

“पोटात काई नाई तिच्या,” मंदा म्हणाली. “आमची गल्ली हाये.”

पण तिचा चेहरा उतरला होता. दुसऱ्याच दिवशी जानरावाची पहिली वरात होती, आणि मक्ता पुरा झाल्याशिवाय घोडी सोडायची नाही, हे तिच्या माहेरचं वळण होतं. मखमल उरलेली नव्हती. ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तान्ह्या पोळ्याची ती पिवळी साडी होती. मी काही म्हणायच्या आत कात्री चालली. पिवळ्या साडीच्या चौपदरी पट्ट्या झुलीच्या दोन्ही बाजूंना लागल्या. जानराव ओट्यावर बसून चहा पीत होता, कमलकाकू सुईत दोरे ओवून देत होत्या, रेणू लवंगीच्या मानेवर हात ठेवून उभी. दिवे लागायच्या आत झूल बसली. पिवळ्या पट्ट्या मुद्दाम लावल्यासारख्या शोभल्या.

रेणू रडली नाही. लवंगी फाटकाबाहेर पडली, नानाजींच्या दाराशी थांबली, डाळ खाल्ली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तुळशीच्या लग्नाचा प्रसाद घेऊन रेणू एकटीच गल्लीत निघाली. तिच्या हाका एकेका दारातून मला ऐकू येत होत्या, लांब लांब जात.

पुन्हा मक्त्याचा योग आला नाही. रेणू मोठी झाली. पण दर आषाढात जानरावाचा फोन यायचा आणि मंदा त्याच्याशी तासभर भाव करायची, घ्यायचं काही नसताना. “यंदा लीद अर्धी-अर्धी म्हनत असान तं बोलू नका,” असं काहीबाही. तो त्यांचा दरवर्षीचा सण होता.

यंदाचा फोन मी ठेवला, त्या संध्याकाळी रेणूला सांगितलं. ती आता नागपूरला नोकरी करते. दिवसभर अनोळखी लोकांशी बोलायचंच तिचं काम आहे.

“बाबा, हो म्हणा ना,” ती म्हणाली. “आणि नुसतं हो म्हणू नका. भाव करा.”

मला भाव करता येत नाही. भाजीवाल्यापुढे मी सांगितलेली रक्कम ठेवून वर आभार मानतो. तरी मंदाचा फोन हातात घेतला, ‘जानरावभाऊ घोडी’वर बोट ठेवलं. पलीकडून “बोला सर” आलं. मला एकच वाक्य सुचलं.

“जानरावभाऊ, लीद कोणाची?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग मोठं हसू. “तुमची सर. सारी तुमची.”

“आणि नाल?”

“माहे. मालकाचे.”

“मक्ता काय द्यायचा? मला शिवता येत नाही.”

“झूल तं हायेच सर. वयनीचीच हाये अजून, दुसरी केली नाई मी. पाय मोकळे झाले पाह्यजेत तिचे. रोज सकाळी गल्लीतून फिरवून आना. एवढाच मक्ता.”

मंदा असती तर म्हणाली असती, फार आहे. मी म्हणालो, कबूल.

काल दुपारी टेम्पोतून लवंगी उतरली. पाठीवर झूल. मखमल जागोजाग टक्कल पडल्यासारखी, टिकल्या गळालेल्या, पण वेली ओळखू येत होत्या आणि पिवळ्या पट्ट्यांचा रंग शाबूत होता. आता झूल तिला सैल होते. पट्ट्या चुण्या पडून लोंबतात. ती आमच्या फाटकाशी आली आणि थांबली.

डाळ मी सकाळीच भिजत घातली होती. तबकही काढलं होतं. वाती कुठे असतात ते मात्र माहीत नव्हतं. सगळे डबे उघडले. शेवटी टिकल्यांच्या जुन्या वाटीत सापडल्या. निरांजन पेटवून बाहेर आलो तेव्हा जानरावानं टोपी काढून हातात घेतली होती. पुरुषमाणसानं, त्यातही माझ्यासारख्यानं, दारात तबक घेऊन उभं राहणं हे आमच्याकडे कोणी पाहिलेलं नाही. लवंगीनंही पाहिलेलं नसावं. पण तिनं कान पुढे केले. मी ओवाळलं. तिनं डाळ खाल्ली, ओठांनी माझा तळवा दोनदा चाचपून पाहिला, मान खाली लववून वर केली आणि पुस्तकांच्या खोलीत गेली. मी तिथल्या कडीची छत्री काढली.

आज सकाळी मक्त्याचा पहिला दिवस. लगाम माझ्या हातात, पण चालवत ती होती. फाटकाबाहेर पडून उजवीकडे वळली आणि नानाजींच्या दाराशी उभी राहिली. दार बंद होतं. ओट्यावर परवा मी हळूच ठेवून गेलेला डबा तसाच होता, आत नेलेला नव्हता.

मी लगाम थोडा ओढून पाहिला. लवंगीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, चूक कोणाची झाली ते. वाट बघायची तर ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त बघू शकते, हे मला माहीत होतं. मी ओट्यावर चढलो. कडी वाजवली. आतून काही ऐकू आलं नाही, म्हणून हाक मारली. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“कोन हाये?” कमलकाकूंनी आतून विचारलं.

“आम्ही आलो,” मी म्हणालो.